अराकेलियन १२०चा क्ष-किरण वर्णपट: संग्रहातल्या फाइलपासून कृष्णविवराच्या उंबरठ्यापर्यंत

सक्रिय दीर्घिकांच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवरांबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं, पण अशा एखाद्या दीर्घिकेचा क्ष-किरण वर्णपट स्वतःच्या हातानं काढून पाहिलेला नसतो. तो काढता येतो. मोठ्या दुर्बिणींची बहुतेक निरीक्षणं साधारण वर्षभर ती मागणाऱ्या गटासाठी राखीव असतात, त्यानंतर संग्रहात सगळ्यांसाठी खुली होतात. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बऱ्यापैकी मेमरी असलेला लॅपटॉप पुरतो. भौतिकशास्त्राची पदवी झालेल्या किंवा होत आलेल्या, लिनक्सवर थोडा हात बसलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून मी हा सगळा रस्ता इथे मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कामातला बहुतेक वेळ कृष्णविवरावर जात नाही. तो जातो एका प्रश्नावर: समोर आलेला फोटॉन त्या दीर्घिकेचा आहे, की वाटेतल्या कशाचा, की आपल्याच दुर्बिणीचा? ज्यानं या प्रश्नाशी घाई केली त्याच्या पुढच्या सगळ्या सुंदर मॉडेलांना पाया उरत नाही. म्हणून लेखाचा मोठा भागही तिथेच खर्च होणार आहे.

आपण नेमकं काय पाहणार

कृष्णविवरात पडणारा वायू सरळ आत जात नाही. तो चक्राकार फिरत तबकडी बनवतो आणि घर्षणानं तापतो. काही सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती ही तबकडी इतकी तापते की तिचाच प्रकाश क्ष-किरणांत येतो. महाकाय कृष्णविवराची तबकडी मात्र त्या मानानं थंड, साधारण लाखभर केल्व्हिनची असते आणि अतिनील प्रकाशात चमकते. मग क्ष-किरण येतात कुठून? तबकडीच्या आतल्या भागाजवळ सुमारे अब्जभर केल्व्हिन तापमानाच्या इलेक्ट्रॉनांचा एक विरळ ढग असतो, त्याला कोरोना म्हणतात. तबकडीचे अतिनील फोटॉन या इलेक्ट्रॉनांवर आपटतात, त्यांच्याकडून ऊर्जा घेतात आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतात.

असे अनेक टक्कर-टप्पे एकावर एक चढले की वर्णपटाला घातनियमाचा आकार येतो: ऊर्जा वाढेल तसे फोटॉन ठरावीक प्रमाणात कमी होत जातात. या उताराला फोटॉन-इंडेक्स म्हणतात. न झाकलेल्या सेफर्ट दीर्घिकांत (सक्रिय, उजळ केंद्र असलेल्या दीर्घिकांचा हा एक वर्ग) तो बहुधा १.७ ते २.१ या पट्ट्यात सापडतो.

कोरोनाचा काही प्रकाश उलटा तबकडीवर पडतो आणि तिथून परततो. या परतलेल्या प्रकाशाच्या दोन ठळक खुणा असतात: ६.४ केईव्हीला लोखंडाची रेषा आणि २० ते ३० केईव्हीच्या आसपासचा उंचवटा. केईव्ही म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. या क्षेत्रात तरंगलांबी फारशी कोणी बोलत नाही, सगळे ऊर्जाच सांगतात.

दीर्घिका निवडताना

पहिल्याच प्रयत्नात प्रसिद्ध दीर्घिकेच्या मागे लागू नका. एमसीजी-६-३०-१५ ही दीर्घिका १९९५ मध्ये आस्का उपग्रहानं तिची रुंदावलेली लोखंडरेषा दाखवल्यापासून सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्या समोर आयनीभूत वायूचे अनेक थर आहेत. नवशिक्याला शोषण कुठे संपतं आणि परावर्तन कुठे सुरू होतं हेच तिथे कळत नाही.

मी अराकेलियन १२० सुचवतो. मृगाच्या तारकासमूहातली ही सेफर्ट-१ दीर्घिका. ताम्रसृती (रेडशिफ्ट) ०.०३२७, कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे १५ कोटी सूर्यांएवढं. ते क्ष-किरणांतून नव्हे, दृश्य प्रकाशातल्या रेषा केंद्राच्या चमकीमागून किती उशिरानं बदलतात यावरून मोजलेलं आहे. तिचा मोठा गुण म्हणजे आपल्या आणि तिच्या केंद्राच्या मध्ये त्या दीर्घिकेचा शोषक वायू जवळजवळ नाही. अशांना ‘उघड्या’ सेफर्ट म्हणतात. कोरोना आणि तबकडी आडपडद्याविना दिसते. शिवाय एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीनं २०१४ च्या मार्चमध्ये तिच्याकडे आपल्या कक्षेच्या लागोपाठ चार फेऱ्या पाहिलं आणि त्या मोहिमेत नासाची न्यूस्टार ही क्ष-किरण दुर्बीणही सोबत होती.

कोणत्या दुर्बिणीचा डेटा

वर्णपटासाठी फोटॉन भरपूर हवेत, त्यामुळे एक्सएमएम-न्यूटनचा ईपीआयसी-पीएन कॅमेरा घ्या. ‘चंद्रा’ या नासाच्या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा अर्ध्या विकलेपर्यंत (आर्कसेकंदापर्यंत) तीक्ष्ण असते. दोन कृष्णविवरं जवळजवळ असतील किंवा भोवतालचा वायू वेगळा काढायचा असेल तर तिला पर्याय नाही. पण उजळ एकट्या केंद्रासाठी ती तीक्ष्णताच अडचण होते, कारण सगळे फोटॉन मोजक्या पिक्सेलांत कोंबले जातात. १० केईव्हीच्या वरचं पाहायला न्यूस्टार: ३ ते ७९ केईव्ही, २०१२ पासून. २०२३ मध्ये सोडलेल्या क्रिझम या क्ष-किरण दुर्बिणीचा रिझॉल्व्ह हा उपकरणसंच सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत भेद करतो. पीएन लोखंडाच्या रेषेपाशी सुमारे दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अडतो. फरक प्रचंड आहे, पण सुरुवात पीएननंच करा. त्याच्या खोडी दोन दशकांत सगळ्यांना पाठ झाल्या आहेत.

फाइल उतरवणे आणि कॅलिब्रेशन

एक्सएमएमच्या संग्रहातून त्या निरीक्षणाचा मूळ डेटा (ओडीएफ) उतरवा. तयार उत्पादनंही मिळतात, पण शिकायचं असेल तर मुळापासून करा. त्यासाठी सास हे पॅकेज लागतं आणि पुढच्या फिटिंगसाठी हीसॉफ्टमधलं एक्सस्पेक. कॅलिब्रेशनच्या फाइली वेगळ्या उतरवाव्या लागतात आणि त्या ताज्या हव्यात. सीआयएफबिल्ड ही आज्ञा तुमच्या निरीक्षणाच्या तारखेला लागू असलेल्या फाइलींची यादी बनवते, ओडीएफइंजेस्ट मूळ डेटाचा गोषवारा बनवतं, मग ईपीप्रोक चालवलं की इव्हेंट फाइल तयार होते.

ही इव्हेंट फाइल म्हणजे प्रतिमा नव्हे, फोटॉनांची नोंदवही आहे. एकेका ओळीत एकेक घटना: कधी आली, कुठे पडली, किती ऊर्जेची, किती पिक्सेलांत पसरली. प्रतिमा, वर्णपट, लाइट कर्व्ह (वेळेनुसार मोजणी कशी बदलते त्याचा आलेख) हे सगळं याच वहीतून वेगवेगळ्या रीतीनं मोजून निघतं. हे एकदा मनात बसलं की पुढच्या आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

परके फोटॉन बाजूला काढणे

इथे सावकाश चला.

पहिला परका म्हणजे प्रोटॉन. एक्सएमएमची कक्षा लांबट आहे, एक फेरी साधारण ४८ तासांची. त्या वाटेत कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांतून सरळ कॅमेऱ्यापर्यंत पोचतात आणि मोजणी अचानक उसळते. ती पकडायला संपूर्ण क्षेत्राचा १० ते १२ केईव्हीचा लाइट कर्व्ह काढा, फक्त एका पिक्सेलात आटोपलेल्या घटना घेऊन. या पट्ट्यात दीर्घिकेचे फोटॉन नगण्य असतात, त्यामुळे उसळी दिसली तर ती परक्यांची. पूर्ण क्षेत्राच्या निरीक्षणाला पीएनसाठी सेकंदाला ०.४ घटना ही नेहमीची मर्यादा. पण आकडा डोळे झाकून लावू नका. लाइट कर्व्ह काढा, सपाट भाग कुठे आहे तो स्वतः पाहा आणि मग रेषा ओढा. लहान खिडकीच्या मोडमध्ये मोजण्याचं क्षेत्रच कमी असतं, तिथे तोच आकडा अर्थहीन ठरतो.

दुसरी गोष्ट घटनांच्या प्रकाराची. पीएनसाठी पॅटर्न ४ पर्यंतच्या, म्हणजे एक किंवा दोन पिक्सेलांतल्या घटना ठेवा, आणि फ्लॅग शून्य. त्यानं बिघडलेले पिक्सेल आणि चिपच्या कडा गळतात.

तिसरी, पाइल-अप. कॅमेरा ठरावीक काळानं वाचला जातो. पीएनचा पूर्ण चौकटीचा काळ ७३.४ मिलिसेकंद, लहान खिडकीत ५.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन पडले तर कॅमेरा त्यांना एकच, दोघांच्या बेरजेएवढ्या ऊर्जेचा फोटॉन समजतो. परिणाम असा की वर्णपट खऱ्यापेक्षा सपाट दिसतो आणि तुम्ही कोरोनाबद्दल चुकीचं बोलू लागता. ईपॅटप्लॉट एका आणि दोन पिक्सेलांच्या घटनांचं अपेक्षित प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण शेजारी काढून दाखवतं. दोन्ही रेषा फाकल्या तर स्रोताच्या मध्यातला छोटा गोल वगळून कडेचेच फोटॉन घ्या.

आता पार्श्वभूमी, आणि इथे माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट. एका मंद दीर्घिकेचं पूर्ण चौकटीचं निरीक्षण माझ्या हाती होतं. स्रोताभोवती गोल काढला, पार्श्वभूमीसाठी प्रतिमेच्या बाहेरच्या बाजूला एक मोठी रिकामी जागा निवडली. वर्णपटात ८ केईव्हीला सुबक खड्डा आला. लोखंडाचा शेवटचा एकच इलेक्ट्रॉन उरलेला असतो तेव्हा त्याची रेषा ६.९७ केईव्हीला येते. ती सरकून ८ ला आली असेल, तर कृष्णविवरापासून आपल्याकडे प्रचंड वेगानं निघालेला वारा मला सापडला होता. अशा वाऱ्यांवर गंभीर संशोधन चालू आहे, त्यामुळे ते शक्यही होतं. मी आठवडाभर त्या खड्ड्याला मॉडेल बसवत होतो.

खड्डा तांब्याचा होता. पीएनच्या चिपांखालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पाटीत तांबं आहे आणि कणांच्या माऱ्यानं ते ८.०५ केईव्हीला चमकतं. पण कॅमेऱ्याच्या मध्यभागी, जिथे स्रोत ठेवलेला असतो, तिथे ही चमक जवळपास नसते, बाहेरच्या बाजूला असते. बाहेरची पार्श्वभूमी वजा केली की मध्यात कधी नव्हतंच ते तांबं वजा होतं आणि खोटा खड्डा पडतो. हाच खड्डा अराकेलियन १२०मध्ये पडला असं धरून हिशोब करा: ८.०५ ला १.०३२७ नं गुणलं की ८.३१, ते लोखंडाच्या ६.९७ शी ताडलं की वेग येतो प्रकाशाच्या सुमारे १७ टक्के. अगदी विश्वास बसावा असा आकडा.

तेव्हापासून तीन गोष्टी मी चुकवत नाही. पार्श्वभूमी त्याच चिपवर, शक्य तितकी स्रोताजवळ पण त्याच्या पसरलेल्या प्रकाशाबाहेर घेतो. पार्श्वभूमीचा वर्णपट स्वतंत्रपणे काढून डोळ्यांनी पाहतो. आणि कोणतीही रेषा दिसली की पहिला प्रश्न विचारतो: ही पार्श्वभूमीच्या रेषेवर किंवा उपकरणाच्या एखाद्या कडेवर तर नाही ना? सिलिकॉनची कड १.८४ केईव्हीला, आरशावरच्या सोन्याची २.२ केईव्हीच्या आसपास. तिथल्या बारीकसारीक वळवळीवर भौतिकशास्त्र उभं करू नका.

स्रोतासाठी ३० ते ४० विकला त्रिज्येचा गोल बहुधा ठीक बसतो. मंद स्रोताला लहान घ्या, नाहीतर पार्श्वभूमीच जास्त आत येते.

वर्णपट आणि रिस्पॉन्स

इव्हसिलेक्टनं स्रोत आणि पार्श्वभूमी यांचे दोन वर्णपट काढा, बॅकस्केलनं दोन्हींचं क्षेत्रफळ नोंदवा, आरएमएफजेन आणि एआरएफजेननं रिस्पॉन्स बनवा. आरएमएफ सांगतं की अमुक ऊर्जेचा फोटॉन कोणकोणत्या चॅनेलांत नोंदला जाण्याची शक्यता आहे. एआरएफ सांगतं की त्या ऊर्जेला दुर्बिणीचं परिणामकारक क्षेत्र किती. या दोन फाइलींमुळेच क्ष-किरण वर्णपट ‘उलटा सोडवता’ येत नाही. आपण मॉडेल गृहीत धरतो, ते रिस्पॉन्समधून पुढे ढकलतो आणि मोजणीशी ताडतो. म्हणून पडद्यावर दिसणारा ‘उलगडलेला’ वर्णपट मॉडेलवर अवलंबून असतो, तो पुरावा म्हणून दाखवू नका.

मग चॅनेल एकत्र बांधा: प्रत्येक गटात किमान २५ मोजण्या, आणि कॅमेऱ्याच्या भेदशक्तीच्या एक तृतीयांशापेक्षा बारीक गट नकोत. काय-वर्ग (χ²) कसोटी तेव्हाच चालते. मोजण्या कमी असतील तर कॅश यांनी १९७९ मध्ये दिलेली कसोटी वापरा. पॉइसन मोजणीसाठी ती योग्य आहे आणि खरं तर उजळ स्रोतालाही चालते.

एक्सस्पेकमध्ये, साध्यापासून वर

आत शिरल्याबरोबर दोन सेटिंगं ठरवून घ्या: मूलद्रव्यांचं प्रमाण ‘विल्म’, छेदक्षेत्र ‘व्हर्न’. प्रमाणांचं मूळ सेटिंग जुन्या सौर प्रमाणांचं आहे आणि टीबीएब्स या शोषणमॉडेलसोबत ते विसंगत पडतं.

आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजन क्ष-किरण खातो, विशेषतः १ केईव्हीच्या खाली. अराकेलियन १२०च्या दिशेला त्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०^२१ अणू आहे, म्हणजे कमी नाही. हा आकडा एचआय४पीआय या रेडिओ सर्वेक्षणातून काढता येतो. मात्र रेडिओला अणुरूप हायड्रोजन दिसतो, रेणुरूप दिसत नाही, त्यामुळे खरा स्तंभ थोडा अधिक असू शकतो.

आता सगळा वर्णपट एकदम बसवण्याचा मोह आवरा. फक्त ३ ते ५ आणि ७ ते १० केईव्हीचा भाग घ्या. तिथे टीबीएब्स गुणिले झेडपॉवरलॉ बसवा. मग वगळलेला भाग परत आणा, पुन्हा फिट न करता डेटा आणि मॉडेल यांचं गुणोत्तर काढा. मला या सगळ्या कामातला हा क्षण सर्वांत प्रिय आहे. सपाट रेषेवर दोन गोष्टी उठून दिसतात: २ केईव्हीच्या खाली चढत जाणारा उंच भाग आणि ६ च्या थोडं पुढे एक टोक.

टोक ६.४ ला नाही, ६.२ ला आहे. घाबरू नका: ६.४ भागिले १.०३२७ म्हणजे ६.२. मॉडेलमधली प्रत्येक गोष्ट दीर्घिकेच्या चौकटीत ठेवली, म्हणजे ‘झेड’नं सुरू होणारी मॉडेलं वापरून ताम्रसृती गोठवली, की हा गोंधळ होत नाही.

या टोकावर एक अरुंद गाउसियन ठेवा, दीर्घिकेच्या चौकटीत ६.४ केईव्हीला. ही बहुतांशी थंड, जवळजवळ उदासीन लोखंडाची रेषा. ती जिथून येते ते द्रव्य कृष्णविवरापासून पुष्कळ दूर असू शकतं. तिच्यासोबत ७.०६ ला तिची धाकटी बहीण, के-बीटा, येणारच. तिची ताकद मोठीच्या सुमारे १३ टक्के ठेवून ती मॉडेलात घाला. हे विसरलात तर ६.९७ ची आयनीभूत लोखंडाची रेषा सापडल्याचा भास होतो.

अरुंद रेषा बसल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काही उरतं का ते पाहा. उरत असेल तर तबकडीचा आतला भाग बोलत असण्याची शक्यता आहे: वेगानं फिरणारा वायू रेषेला रुंद करतो आणि गुरुत्वाकर्षण तिची शेपटी कमी ऊर्जेकडे ओढतं. इथे रेल्क्सिलसारखी, तबकडीवरून परतलेला प्रकाश या परिणामांसह मांडणारी मॉडेलं येतात. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती तबकडीची आतली स्थिर कक्षा गुरुत्वीय त्रिज्येच्या (GM/c²) ६ पट असते, जवळपास कमाल फिरकीला १.२४ पट. म्हणून शेपटी जितकी लांब तितकी फिरकी जास्त, असं मांडता येतं. पण शेपटीचा आकार तुम्ही घातनियमाचा उतार कुठे ठेवलात यावर फार अवलंबून असतो. मी फिरकीचा आकडा एकट्या पीएनच्या डेटावरून लिहीत नाही. त्याच वेळचा न्यूस्टारचा डेटा जोडून २० ते ३० केईव्हीचा उंचवटाही त्याच मॉडेलमध्ये बसतो का, ते आधी पाहतो. जोडताना दोन दुर्बिणींमध्ये एक मोकळा स्थिरांक ठेवा. तो एकापासून काही टक्क्यांपलीकडे गेला तर कुठेतरी चूक आहे.

२ केईव्हीच्या खालचा चढ, म्हणजे सॉफ्ट एक्सेस, जुना वादाचा विषय आहे. तो तबकडीवरून परतलेल्या, धूसर झालेल्या रेषांचा ढीग आहे, की तबकडीवरच्या दाट आणि कोमट इलेक्ट्रॉनांनी उचलून दिलेला प्रकाश? काळ्या वस्तूचं (ब्लॅकबॉडी) मॉडेल तिथे छान बसतं, पण त्यातून येणारं तापमान वेगवेगळ्या वस्तुमानांच्या कृष्णविवरांत जवळजवळ सारखंच निघतं. तबकडीचं तापमान असं वागू शकत नाही, म्हणून त्या आकड्याला तबकडीचं तापमान म्हणू नका. अराकेलियन १२०च्या बाबतीत एक्सएमएम आणि न्यूस्टारच्या एकत्रित डेटाचा कौल कोमट इलेक्ट्रॉनांकडे गेला आहे. दोन्ही मॉडेलं बसवून पाहा. कमी ऊर्जेला दोन्ही चालतील, फरक १० केईव्हीच्या वर दिसेल.

खरं किती, भास किती

अनिश्चितता एक्सस्पेकच्या एरर आज्ञेनं काढा. एका घटकासाठी ९० टक्के म्हणजे काय-वर्गात २.७०६ ची वाढ. दोन घटक एकमेकांत गुंतलेले असतील तर स्टेपपारनं नकाशा काढा, नाहीतर आज्ञा जवळच्याच खड्ड्यात अडकून खोटी अचूकता दाखवेल.

नवी रेषा ‘आहे’ हे ठरवायला एफ-कसोटी लावू नका. रेषेची ताकद शून्य असणं ही मर्यादेच्या काठावरची स्थिती आहे आणि तिथे ती कसोटी लागू होत नाही. २००२ पासून हे छापील आहे, तरी अजून दिसतं. त्याऐवजी रेषा नसलेल्या मॉडेलातून फेकइटनं हजारभर खोटे वर्णपट बनवा, प्रत्येकात तशीच रेषा शोधा आणि निव्वळ योगायोगानं तुमच्याइतकी ठळक रेषा किती वेळा मिळते ते मोजा. शोध मात्र संपूर्ण पट्ट्यात करा, फक्त तुम्हाला दिसली त्या ऊर्जेला नाही.

फ्लक्सपासून कृष्णविवरापर्यंत

सीफ्लक्स हे मॉडेल टीबीएब्सच्या आत ठेवा, म्हणजे आकाशगंगेचं शोषण काढून टाकलेला फ्लक्स मिळेल. समजा २ ते १० केईव्हीत तो दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ३×१०^-११ अर्ग आला. हबल स्थिरांक ७० धरला तर अंतर सुमारे १४४ मेगापार्सेक. दीप्ती येते सेकंदाला सुमारे ७×१०^४३ अर्ग. क्ष-किरण हे एकूण प्रकाशाचा लहान हिस्सा. २० नं गुणलं तर एकूण १.५×१०^४५. या २० मध्ये दुपटीची चूक सहज असू शकते. १५ कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची एडिंग्टन मर्यादा, म्हणजे प्रकाशाचा दाब आत पडणाऱ्या वायूला थोपवेल ती दीप्ती, १.९×१०^४६, म्हणजे ते मर्यादेच्या सुमारे ८ टक्क्यांवर चालू आहे. उत्तराशेजारी तो दुपटीचा घोळही लिहा.

त्याच इव्हेंट फाइलमधून लाइट कर्व्हही निघतो. ईपिकएलसीकॉरनं दुरुस्त करून घ्या. या कृष्णविवराची गुरुत्वीय त्रिज्या २२ कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दीडपट. प्रकाशाला ती ओलांडायला सुमारे १२ मिनिटं लागतात. त्यामुळे १०० सेकंदांच्या गटात दिसलेली उडी बहुधा मोजणीचा गोंगाट असणार. काही तासांत झालेला बदल खरा मानायला हरकत नाही, आणि तो ०.३ ते १ आणि २ ते १० केईव्ही या दोन पट्ट्यांत सारखा आहे का हे पाहणं तर आवश्यकच. एक्सएमएमची फेरी लांब असल्यानं निरीक्षण सलग मिळतं. न्यूस्टार पृथ्वीच्या जवळून फिरतो, दर दीड तासाला पृथ्वी आड येते आणि लाइट कर्व्हला भोकं पडतात. त्याला साधं फूरिये लावलं की भोकांचीच लय सापडते.

हे सगळं एका निरीक्षणासाठी झालं की मार्च २०१४ च्या उरलेल्या तीन फेऱ्यांवर तीच स्क्रिप्ट चालवा. गोल, मर्यादा आणि पॅटर्न न बदलता. चारही वर्णपटांत अरुंद रेषेची ताकद तशीच राहते का आणि सॉफ्ट एक्सेस घातनियमाबरोबर चढतो-उतरतो का, हे शेजारीशेजारी ठेवून पाहा. त्यानंतर एनजीसी ४१५१ घ्या. तिथे समोर दाट, बदलतं शोषण आहे आणि ३ केईव्हीच्या खाली इथे शिकलेलं बरंचसं पुन्हा नव्यानं मांडावं लागेल.